पाट्यांचे शहर

मेहकरला आगगाडी नाही. पैनगंगेच्या काठी वसलेले हे आमचे तालुक्याचे गाव. येथे शारंगधर बालाजीचे मंदिर आहे, कंचनीच्या महालाचे जुने अवशेष आहेत, जवळच लोणारचे जगप्रसिद्ध सरोवर आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही गावाजवळून वाहू लागला आहे. परंतु रुळांवरून धावणारी गाडी पाहायची झाली, तर आम्हांला शेगाव, नांदुरा किंवा मलकापूर गाठावे लागते. त्यामुळे प्रवास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम एस.टी. उभी राहते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. गेली. पुढे तिचे जाळे खेड्यापाड्यांतून पसरले आणि आमच्यासारख्या लक्षावधी लोकांना घराबाहेरचे जग तिच्याच खिडकीतून दिसले.

मेहकरच्या बसस्थानकावर गाडी लागते. तिच्या कपाळावर ठळक अक्षरांत पाटी असते : ‘बुलढाणा, मार्गे चिखली’. ही पाटी ज्याला स्वच्छ वाचता येते, तोही खिडकीशी जाऊन विचारतो, “ही बुलढाण्याला जाते का हो?” आतला मनुष्य म्हणतो, “जाते, जाते. बसा.” एवढ्याने समाधान होत नाही. गाडीत चढताना तोच प्रश्न कंडक्टरला विचारला जातो, आणि जागा मिळाल्यावर शेजारच्या आजींना. पाटीवर अविश्वास असतो असे नव्हे. त्या निमित्ताने कोण कोणाकडे चालले आहे ते कळते, गावाकडच्या पावसापाण्याची वार्ता मिळते, आणि उतरायची वेळ आली की चार माणसे एकदम सांगतात, “उठा, तुमचा फाटा आला!”

असे विचारत विचारत मी साठ वर्षे प्रवास केला. शाळेत भूगोल शिकविण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. जगाचे नकाशे मी खडूने फळ्यावर काढले आणि टेम्स नदीच्या काठचे लंडनही त्यांत कितीदा तरी ठिपक्याने दाखविले. परंतु फळ्यावरचे लंडन निराळे आणि पायांखालचे निराळे, याची प्रचीती मला २०२३ च्या उन्हाळ्यात आली. माझा मुलगा त्या शहराच्या वायव्य भागात, हेंडन येथे राहतो. सेवानिवृत्तीनंतर पाच महिन्यांसाठी मी त्याच्याकडे गेले होते.

मुलाने आणि सूनबाईने माझे स्वागत मनापासून केले. घरात कशाची उणीव नव्हती. सकाळी साडेसातला दोघे कामावर जात, नातू शाळेला जाई, आणि नंतर मी, चार भिंती व खिडकीबाहेरचे एक चेरीचे झाड एवढेच उरत असू. “आई, एकटी कुठे जाऊ नकोस हं. शनिवारी मी नेतो,” असे मुलगा रोज बजावी. शनिवारी तो मला मोटारीत बसवी, कुठे तरी उतरवी, पुन्हा बसवी आणि घरी आणी. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नव्हती. पण माझी स्थिती टपालातल्या पुडक्यासारखी झाली होती. पुडक्याला कोणी त्रास देत नाही. उलट ते जपूनच नेतात. मात्र कुठे जायचे, हे पुडके कधी ठरवीत नाही.

त्यातून माझ्यावर एक काम सोपविलेले होते. माझा एक जुना विद्यार्थी एस.टी.त कंडक्टर आहे. निघण्यापूर्वी तो मुद्दाम घरी आला होता. म्हणाला, “बाई, लंडनला बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते घर आपल्या सरकारने घेतले आहे. तेवढे बघून या. माझे काही जाणे व्हायचे नाही. फोटो पाठवला तरी पुरे.” डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकावयास प्रथम १९१६ साली आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि १९२१-२२ या काळात किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले. हेंडनहून ते काही फार दूर नाही. तरीही पहिल्या शनिवारी पाऊस होता, दुसऱ्या शनिवारी मुलाला कचेरीचे काम निघाले आणि तिसऱ्या शनिवारी घरी पाहुणे आले. चौथ्या आठवड्यात मी जेवताना सांगितले, “बुधवारी मी एकटीच जाऊन येते.”

“आई, तू एकटी जाणार?” मुलाने घास हातातच धरला.

“अरे, बाबासाहेब सातासमुद्रापलीकडे एकटे आले. मला पाचवे स्थानक गाठायचे आहे.”

सूनबाई हसली आणि म्हणाली, “जाऊ दे त्यांना. आई, दोन दिवस मी तुमच्याबरोबर येते. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुढे व्हा आणि मी मागे राहते.” पोहायला शिकविणारेही असेच करतात.

पहिला धडा बसचा झाला. लंडनची बस आमच्या एस.टी.सारखीच लाल, पण दुमजली. साम्य येथेच संपले. थांब्यावर उभे राहून हात पुढे करायचा, म्हणजे बस थांबते. पुढच्या दाराने चढायचे आणि चालकाजवळच्या यंत्राला कार्ड टेकवायचे. नाण्यांचा येथे उपयोग नाही. जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणे बंद झाले आहे. उतरायचे असले की खांबावरचे लाल बटण दाबायचे. पुढचा थांबा कोणता, हे एक आवाज सांगतो आणि एका फळीवर त्याची अक्षरेही उमटतात. सगळी व्यवस्था चोख. पण मला चुकल्याचुकल्यासारखे होई. ‘तिकीट, तिकीट’ म्हणत गर्दीतून वाट काढणारा, सुट्या पैशांवरून कुरकुरणारा, म्हाताऱ्या माणसाला हात देऊन उतरविणारा आणि दोरी ओढून दोन वेळा घंटी वाजविणारा तो कंडक्टर येथे नव्हता. त्याचे काम पाट्यांनी, दिव्यांनी व यंत्रांनी आपसांत वाटून घेतले होते.

(एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मार्च २०२३ पासून आमच्या एस.टी.त स्त्रियांना अर्धेच तिकीट पडते. लंडनच्या यंत्रापुढे मात्र स्त्रीपुरुष सारखेच. ते पूर्ण भाडे कापून घेते आणि वर ‘टुंग’ करते.)

दुसरा धडा भुयारी रेल्वेचा. जगातील ही पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची. म्हणजे आपल्याकडे जमिनीवरून गाडी धावू लागल्याला दहा वर्षे होतात न होतात, तोच लंडनमध्ये ती जमिनीखालून धावू लागली, आणि तीही वाफेच्या इंजिनाने! त्या बोगद्यांतील धुराची कल्पनाच करावी. आज गाड्या विजेवर चालतात. अकरा मार्ग आणि पावणेतीनशेच्या आसपास स्थानके आहेत. नाव भुयारी असले तरी निम्म्याहून अधिक रूळ उघड्या आकाशाखालीच आहेत.

या रेल्वेचा नकाशा मला माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने शिकविला. नकाशा पाहताच माझ्यातील शिक्षिका जागी झाली. “याला प्रमाण कुठे आहे?” मी विचारले. प्रमाण न लिहिलेल्या नकाशाचे गुण मी बत्तीस वर्षे निष्ठेने कापत आले होते. नातू म्हणाला, “आजी, याला प्रमाण नसतेच.” आणि ते खरे होते. १९३१ साली हॅरी बेक नावाच्या एका आरेखकाने हा नकाशा प्रथम काढला. विजेच्या जोडण्यांच्या आकृत्या काढण्याचा त्याला सराव होता. त्याच्या मनात आले, की भुयारातून जाणाऱ्या माणसाला वरचे रस्ते आणि वळणे यांच्याशी कर्तव्य काय? त्याला हवे असते ते एवढेच : कोणत्या स्थानकानंतर कोणते स्थानक, आणि गाडी बदलायची ती कुठे. म्हणून त्याने सगळे मार्ग सरळ आडवे, उभे किंवा तिरपे केले, प्रत्येकाला निराळा रंग दिला आणि स्थानकांमधली अंतरे जवळजवळ सारखी करून टाकली. वरिष्ठांना हे धाडस वाटले व त्यांनी तो प्रथम नाकारला. पुढे १९३३ मध्ये तो छापला गेला आणि लोकांनी उचलून धरला. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्थानके प्रत्यक्षात जेमतेम पाव किलोमीटरवर आहेत. नकाशा पाहून हे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. भूगोलाच्या दृष्टीने असा हा नकाशा खोटा. पण वाटसरूच्या दृष्टीने त्याहून खरा नकाशा मी पाहिलेला नाही. मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

आमचा मार्ग नॉर्दर्न, रंग काळा. या मार्गाला फाटे आहेत. कॅमडेन टाउनजवळ उत्तरेकडे दोन शाखा फुटतात, एक एजवेअरची आणि एक हाय बार्नेटची. आणि शहराच्या मध्यातूनही दोन निरनिराळे बोगदे जातात. म्हणून गाडीचे नुसते नाव वाचून भागत नाही. फलाटावरच्या पाटीकडे सूनबाईने बोट दाखविले. पाटीवर इंग्रजीत होते : ‘मॉर्डन, मार्गे बँक’. त्यानंतरची गाडी होती ‘केनिंग्टन, मार्गे चेरिंग क्रॉस’. मला एकदम हसू फुटले. तिला कारण कळेना. मी म्हटले, “अगं, ही तर आपली ‘बुलढाणा, मार्गे चिखली’!” त्या एका ‘मार्गे’ शब्दाने माझी निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी दिशांची होती. आमच्याकडे दिशा सूर्य सांगतो. शेत नदीच्या उगवतीला आहे की मावळतीला, हे लहान मूलही जाणते. येथे प्रत्येक फलाटावर ‘उत्तरेकडे’ किंवा ‘दक्षिणेकडे’ असे लिहिलेले असते. पण भुयारात सूर्य कुठून आणायचा? पहिल्या दोन दिवसांत बोगद्यात शिरले की माझ्या अंगातली दिशाच हरवे. पुढे आपल्याला दिशा ठाऊक नसताना, केवळ कोणी तरी भिंतीवर लिहून ठेवले आहे म्हणून पाऊल टाकायचे, हे शिकायला मला वेळ लागला. नकाशा वाचणे त्यामानाने सोपे.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या मध्यभागी, एम्बँकमेंट स्थानकापर्यंत गेलो. गाडी थांबली की फलाट आणि गाडी यांमधल्या फटीकडे लक्ष ठेवा, अशी सूचना तेथे एका भारदस्त आवाजात होते. सूनबाईने त्या आवाजाची कथा सांगितली. तो ओस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा आवाज. ते २००७ साली वारले. त्यांच्या पत्नी या फलाटावर येऊन बसत आणि तो आवाज ऐकत. पुढे नवी यंत्रे आली व आवाज बदलला. त्यांनी विनंती केल्यावर रेल्वेने २०१३ मध्ये या एका फलाटावर जुना आवाज पुन्हा सुरू केला. पाट्यांच्या आणि यंत्रांच्या या शहराविषयी माझ्या मनात जी थोडी अढी होती, ती तेथे सैल झाली.

बुधवारी सकाळी मी एकटी निघाले. पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या, नातवाने लिहून दिलेला कागद आणि कार्ड. हेंडन सेंट्रलच्या फाटकाला कार्ड टेकविले, फाटक उघडले. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर जाऊन मी पाटी वाचली, कागद वाचला, पुन्हा पाटी वाचली. सारे जुळत होते. तरीही मी शेजारच्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध बाईंना विचारलेच, “ही गाडी चॉक फार्मला जाते का?” साठ वर्षांची सवय दोन दिवसांत कशी जाणार?

त्या माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असाव्यात. हसून म्हणाल्या, “जाते. पाचवे स्थानक.” आणि त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. गाडी आली. आम्ही शेजारी बसलो. या गाड्यांत कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे वर्तमानपत्रात नाही तर हातातल्या फोनमध्ये डोके घालून बसलेले असतात. पण आम्हां दोघींचे बोलणे सुरू झाले होते. त्या सायप्रसच्या. तरुणपणी लग्न होऊन लंडनला आल्या, तेव्हा त्यांना इंग्रजीचे अक्षरही वाचता येत नव्हते. शिवणकामाच्या कारखान्यात जाण्यासाठी त्या बोटांवर स्थानके मोजत. आठ मोजली की उतरायचे. “एके दिवशी वाटेत गाडी दोन स्थानकांच्या मध्येच थांबली, तेव्हा माझा हिशेब चुकेल की काय म्हणून मी रडले होते,” त्या म्हणाल्या. “एका बाईने माझा हात धरला. तिची भाषा मला येत नव्हती. तिने माझी उरलेली बोटे मोजली.” गोल्डर्स ग्रीन आले. त्या उतरल्या आणि फलाटावरून त्यांनी तीन बोटे वर करून मला दाखविली. तीन राहिली होती.

त्यानंतर गाडी बोगद्यात शिरली. मेहकरच्या स्थानकावर तोच तोच प्रश्न विचारणाऱ्या कितीतरी स्त्रिया माझ्या डोळ्यांपुढे आल्या. जानेफळच्या, डोणगावच्या, डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेतलेल्या. मी त्यांच्या विचारण्याला सवय समजत असे. पाटी ज्यांना वाचता येत नाही, त्यांची पाटी म्हणजे दुसऱ्याचे तोंड. तेथे कोणी उत्तर दिले नाही, तर त्यांचा रस्ताच बंद.

हॅम्पस्टेड आले. टेकडीखालचे हे स्थानक लंडनमधले सर्वांत खोल. जमिनीपासून सुमारे ५८ मीटर. लोणारच्या विवराची खोली याच्या दुपटीहून अधिक आहे, हे आठवून मला उगाचच धीर आला. एक बोट मिटले. मग बेल्साइज पार्क. दुसरे बोट. मग चॉक फार्म.

चॉक फार्मची इमारत १९०७ ची, गडद तांबड्या चकाकत्या फरशांनी मढविलेली. बाहेर ऊन पडले होते. आकाश दिसताच माझी दिशा परत आली. तेथून किंग हेन्रीज रोड पायी थोड्याच मिनिटांवर आहे. उंच, एकाला एक लागून असलेली घरे, शांत रस्ता. १० क्रमांकाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर निळी गोल पाटी आहे. बाबासाहेबांचे नाव, जन्ममृत्यूची साले, आणि १९२१-२२ मध्ये ते येथे राहत होते ही नोंद. मी ती पाटी उभी राहून तीनदा वाचली.

आत गेल्यावर, छायाचित्रांसमोर उभी असताना, मला त्यांचा आणखी एक प्रवास आठवला. तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९०१ साल. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. वडील परगावी नोकरीला होते, त्यांना भेटायला मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. पत्र न पोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने विचारपूस केली. मुलांची जात कळताच तो मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तो या अटीवर, की बैल मुलांनी हाकायचे आणि आपण बाजूने पायी चालायचे. रात्री जकातनाक्यावर त्यांनी पाणी मागितले. तेही मिळाले नाही. आम्हां मेहकरकरांना ज्या विचारपुशीचा एवढा अभिमान, तीच त्या मुलांच्या वाट्याला आली होती. तेथे विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याआधी उलट प्रश्न आला, “तुम्ही कोण?” हेंडनच्या पाटीने मला हा प्रश्न विचारला नव्हता. फाटकानेही नाही. आणि ज्या भिंतींपुढे मी उभी होते, त्यांच्या आत राहून त्या मुलाने अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९२१ मध्ये त्याला एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच काळात तो बॅरिस्टरही झाला.

निळ्या पाटीचे छायाचित्र मी मेहकरला पाठविले. लंडनला साडेअकरा वाजले होते, म्हणजे मेहकरला दुपारचे चार. पाच मिनिटांत उत्तर आले : “बाई, पाहिले. लोणार गाडीवर आहे. गाडीतल्या सगळ्यांना दाखवले.” थोड्या वेळाने दुसरे : “एकट्या गेल्या? तिकीट कोणी फाडले?”

परतीला मी भुयाराने गेले नाही. सकाळी जमिनीखालून आल्यामुळे मधले शहर पाहायचेच राहिले होते. चॉक फार्मच्या थांब्यावरचा तक्ता वाचून मी ३१ क्रमांकाची बस धरली आणि स्विस कॉटेजला ११३ घेतली. एका तासाच्या आत दुसरी बस घेतली तर तिचे निराळे भाडे पडत नाही. एक पौंड पंच्याहत्तर पेन्समध्ये दोन्ही. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मोकळी होती. मी तेथे बसून दशमी सोडली. खाली फिंचले रोडवरची दुकाने, फुलांच्या कुंड्या, छत्र्या, शाळेतल्या मुलांची रांग, सारे माझ्या पायांखालून सरकत होते. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

“आई, कुठे आहेस? मी घ्यायला येऊ का?”

“नको,” मी म्हटले. “स्विस कॉटेज सोडले. हेंडन, मार्गे फिंचले रोड.”